अकरा डॉलरांचा विनोद

विनोद समजावून सांगावा लागला की तो मरतो, असे मी गेली वीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे. आणि गेली वीस वर्षे विनोद समजावून सांगणे हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे! श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा आणि त्याचे दोस्त बंडूनाना व पांडूतात्या यांना मी दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला वर्गात आणतो आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत त्यांची चिरफाड पुरी करतो. विद्यार्थी बिचारे समंजस असतात. ते हसतात, पण घंटा झाल्यावर.

तेव्हा या सदराच्या वाचकांनी आज मला क्षमा करावी. ऐन दिवाळीत, आपण चकलीचा तुकडा मोडून हा अंक हाती घेतला असताना, मी आपल्याला एक विनोद समजावून सांगणार आहे. तो माझा नाही, मराठीतला तर नाहीच. पडद्यावर तो काही सेकंदांत आटोपतो. आमच्या घरात मात्र त्याने चांगले आठ दिवस ठाण मांडले होते.

झाले असे, की श्रावणातली रविवारची संध्याकाळ होती. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत सौभाग्यवतींनी भज्यांचा घाणा काढला होता. आमचे चिरंजीव सध्या एंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, म्हणजे घरातला एकही मिक्सर त्यांना दुरुस्त करता येत नाही, पण चंद्रावरच्या यानात काय चुकले ते सांगता येते. त्यांनी टीव्हीवर एक इंग्रजी चित्रपट लावला. 'टॉप सीक्रेट' हे त्याचे नाव. १९८४ सालचा. जिम अब्राहम्स आणि डेव्हिड व जेरी हे झुकर बंधू अशा तिघांनी मिळून केलेला. व्हॅल किल्मर या नटाचा तो पहिलाच चित्रपट. एक अमेरिकन गायक पूर्व जर्मनीत जातो आणि हेरगिरीच्या भानगडीत सापडतो, एवढे कथानक मला कळले. बाकी सगळा निव्वळ चावटपणा. कथानक न कळल्यामुळे काही बिघडत नाही असा चित्रपट विरळा. मला तो आवडू लागला.

मध्येच एक प्रसंग आला. जर्मन शिपायांची लष्करी गाडी भरधाव येते. ब्रेक करकचतात. गाडी घसरत घसरत पुढे येते आणि समोर उभ्या असलेल्या एका छोट्या मोटारीच्या मागच्या बंपरला हळूच टेकते. टेकते म्हणजे टेकतेच. तेवढ्या धक्क्याने आमच्या दारावरची घंटासुद्धा वाजली नसती. आणि दुसऱ्याच क्षणी धडाड् करून आगीचा असा लोळ उठतो, की लंकादहनाची आठवण व्हावी!

चिरंजीव खो खो हसले. नववीतली कन्या हसली. मीही मोठ्याने हसलो. सौ. तेवढ्या हसल्या नाहीत. झारा हातात धरून त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"एवढ्याशा धक्क्यानं गाडी कशी हो उडेल?" त्यांनी विचारले.

"अगं, ही अतिशयोक्ती," मी म्हणालो. वीस वर्षांच्या सवयीने माझा उजवा हात खडू शोधू लागला. "कारण क्षुल्लक आणि कार्य अवाढव्य. हास्यरसाचं हे एक जुनं साधन आहे."

"बाबा, अतिशयोक्ती वगैरे काही नाही," चिरंजीव भजे तोंडात असतानाच म्हणाले. "ती पिंटो आहे."

"पिंटो म्हणजे?"

"ती गाडी मागून ठोकली की पेटायची. सगळ्या अमेरिकेला माहीत होतं. म्हणून तर लोक हसतात."

मी गप्प बसलो. उपमेय ठाऊक नसताना मी अलंकार ओळखून बसलो होतो! परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याचे दोन गुण कापले असते.

"आणि त्या गाडीत कोणी बसलेलं होतं का?" सौ. नी जाता जाता विचारले.

"रिकामीच असणार. सिनेमा आहे तो," मी म्हणालो. त्या आत गेल्या. पण तो प्रश्न बाहेरच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मी पिंटोच्या मागे लागलो. (मागूनच, या गाडीच्या बाबतीत दुसरी वाट नाही.) जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो.

पिंटो ही अमेरिकेच्या फोर्ड कंपनीची गाडी. १९७० च्या सप्टेंबरात ती बाजारात आली. जर्मनीच्या आणि जपानच्या छोट्या, स्वस्त गाड्यांनी त्या वेळी अमेरिकेत मुसंडी मारली होती. त्यांना तोंड देण्यासाठी ली आयाकोका या फोर्डच्या बड्या अधिकाऱ्याने असा दंडक घातला, की आपली गाडी वजनाने दोन हजार पौंडांच्या आत आणि किमतीने दोन हजार डॉलरांच्या आत बसली पाहिजे. त्या काळी नवी गाडी कल्पनेतून कारखान्याबाहेर यायला साधारण साडेतीन वर्षे लागत. पिंटो दोन वर्षांच्या थोड्या वर काळात आली. मुलीचे लग्न पंधरा दिवसांत उरकणाऱ्या वधुपित्याला विचारा. तो सांगेल की घाईत सगळे होते, फक्त एखादी गोष्ट राहून जाते.

इथे राहून गेली ती पेट्रोलची टाकी. ती मागच्या चाकांच्या आसाच्या मागे आणि बंपरच्या पुढे बसवली होती. तशी ती तेव्हाच्या अनेक अमेरिकन गाड्यांत असे. पण या चिमुकल्या गाडीत मध्ये अंतरच फार थोडे उरले. मागून जोराची धडक बसली की टाकी पुढे रेटली जाई, आसावरचे बोल्ट तिच्यात घुसू शकत आणि पेट्रोल भरण्याची नळी टाकीतून निसटू शकत असे. मग एक ठिणगी पुरे. गाडी बाजारात येण्यापूर्वी कंपनीने घेतलेल्या चाचण्यांत टाकी गळताना दिसली होती, हे पुढे न्यायालयात पुराव्यात आले.

१९७७ साली 'मदर जोन्स' नावाच्या नियतकालिकात मार्क डौवी या पत्रकाराने ही सगळी हकीकत छापली आणि देशभर हलकल्लोळ झाला. पुढच्या वर्षी जूनमध्ये कंपनीने पंधरा लाख गाड्या परत बोलावल्या. त्यांत पिंटोची सख्खी बहीण शोभणारी बॉबकॅट ही गाडीही होती. दुरुस्ती काय केली म्हणाल, तर टाकी आणि आस यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा घातला आणि पेट्रोलची नळी थोडी लांब केली. बस्स! १९८० साली पिंटोचे उत्पादन थांबले. तोवर कंपनीच्या जाहिरातवाल्यांवर आणखी एक नामुष्की ओढवली होती. रेडिओवरच्या एका जाहिरातीच्या अखेरीस, ही गाडी तुमच्या मनाला ऊब देऊन जाते, अशा अर्थाची एक ओळ होती. ती गुपचूप काढून टाकावी लागली. विनोदी लेखकाने हे रचले असते तर मी समासात 'ओढूनताणून' असा शेरा मारला असता.

मोटारीची थट्टा ही काही नवी गोष्ट नाही. याच फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' नावाची गाडी १९०८ ते १९२७ पर्यंत निघत होती आणि तिच्या दीड कोटीच्या वर प्रती खपल्या. त्या गाडीच्या खडखडाटावर इतके विनोद होत, की नुसत्या फोर्ड-विनोदांच्या छोट्या पुस्तिका निघत आणि हातोहात विकल्या जात. कंपनीला त्याचे दुःख नव्हते. फुकटात जाहिरात होत होती. आपल्याकडे अँबॅसडर मोटारीने आपली तशीच करमणूक केली. या गाडीत भोंगा सोडून सगळे वाजते, हा विनोद ज्याने ऐकला नाही असा मनुष्य माझ्या पिढीत सापडायचा नाही. १९५८ ते २०१४ अशी छप्पन्न वर्षे ती गाडी निघाली, आणि तो विनोद तिच्याआधी रिटायर झाला नाही.

पण पाहा, त्या विनोदात आणि या विनोदात केवढा फरक आहे! अँबॅसडरवर हसणारा मनुष्य बहुधा अँबॅसडरमध्येच बसलेला असे. घरातल्या खडूस पण प्रेमळ आजोबांची टिंगल करावी, तसा तो प्रकार. खडखडाटाने कोणी मरत नाही. पिंटोवरचा विनोद मात्र गाडीच्या खोडीवर नाही, तिच्या कर्त्यांच्या हिशेबावर आहे. पहिल्याला आपण थट्टा म्हणू, दुसरा उपहास. थट्टेत जीव लावलेला असतो. उपहासात गेलेला.

हिशेब म्हटला, आणि चिरंजीवांनी लगेच सांगितले, "बाबा, अकरा डॉलर वाचवायला त्यांनी माणसं जाळली. तसा कागदच सापडला होता."

कागद होता, हे खरे. १९७३ सालचा. त्यात एका बाजूला खर्च होता: दर वाहनामागे ११ डॉलर, एकूण सव्वा कोटी वाहने, म्हणजे १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला फायदा होता: जळून होणारे १८० मृत्यू टळतील, प्रत्येकी दोन लाख डॉलर, भाजलेली १८० माणसे, प्रत्येकी ६७ हजार, जळालेली २,१०० वाहने, प्रत्येकी ७००. बेरीज ४ कोटी ९५ लाख. सबब, खर्च परवडत नाही. वाण्याच्या दुकानातली वहीसुद्धा इतकी स्वच्छ नसते.

पण प्राध्यापकाच्या जातीला एक खोड असते: मूळ संहिता पाहिल्याशिवाय त्याला झोप लागत नाही. तो कागद पिंटोविषयी नव्हता. तो अमेरिकेतल्या सगळ्याच गाड्यांविषयी होता. मागून बसणाऱ्या धडकेविषयी नव्हे, तर गाडी उलटून लागणाऱ्या आगीविषयी होता. आणि एका प्रस्तावित सरकारी नियमावर हरकत घेण्यासाठी तो सरकारकडेच धाडलेला होता. माणसाच्या जिवाची दोन लाख डॉलर ही किंमतदेखील सरकारी खात्याच्याच हिशेबातून उचललेली होती. गॅरी श्वार्ट्झ नावाच्या कायद्याच्या प्राध्यापकाने १९९१ साली एक लांबलचक लेख लिहून हे सगळे दाखवून दिले. अपघाती मृत्यूंचा एकूण हिशेब केला, तर पिंटो ही तेव्हाच्या इतर छोट्या गाड्यांच्या पंक्तीतलीच होती, असेही त्याने म्हटले. मागून धडक बसून लागलेल्या आगीत पिंटोमधले २७ लोक मेले, असा सरकारी तपासातला आकडा आहे. रस्त्यावर गाड्या वीस लाखांच्या वर होत्या.

हे मी जेवताना घरी सांगितले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "म्हणजे विनोद खोटा?"

प्रश्न नेमका होता. पडद्यावर नुसत्या टेकण्याने गाडी उडते; खरी पिंटो तशी उडत नव्हती. लोकांच्या तोंडी अकरा डॉलर आणि पिंटो यांचे लग्न लागले. कागदावर ते लागलेले नव्हते. विनोदाने आपल्या सोयीसाठी सगळे थोडे सोपे केले. ते तो नेहमीच करतो. पण टाकी गळत होती हे त्याने रचले नव्हते. ती दुरुस्त करायला एक प्लॅस्टिकचा पडदा पुरला, आणि तो पडदा गाडी बाजारात आल्यावर आठ वर्षांनी बसवला, हेही त्याने रचले नव्हते. अतिशयोक्ती असत्य बोलते, पण असत्याच्या दिशेने जात नाही, हे मी वर्गात शिकवतो. त्याचा अर्थ मला त्या रात्री ताटावर कळला.

आणि विनोदाने एक काम असे केले, की जे न्यायालयालाही जमले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने १९७८ च्या फेब्रुवारीत कंपनीला १२ कोटी ५० लाख डॉलरांचा दंड सुनावला. न्यायाधीशांनी तो ३५ लाखांवर आणला. इंडियाना राज्यात त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तीन तरुण मुली पिंटोत जळून गेल्या. कंपनीवर फौजदारी खटला उभा राहिला आणि १९८० साली ती त्यातून निर्दोष सुटली. दंड भरला की संपतो, खटला सुटला की मिटतो. विनोद भरताही येत नाही आणि सुटताही येत नाही. गाडी बंद होऊन चार वर्षे झाल्यावर तीन चावट दिग्दर्शकांनी तिच्या बंपरला बोट लावले, आणि नाव उच्चारण्याचीही गरज न पडता सगळे थिएटर हसले.

हे एकदाच घडले असेही नाही. २०१४ साली जनरल मोटर्स या कंपनीने किल्लीच्या खटक्यातल्या दोषासाठी सव्वीस लाख गाड्या परत बोलावल्या. चालत्या गाडीत खटका आपोआप फिरे, एंजिन बंद पडे, आणि मग अपघातात हवेची पिशवीही फुगत नसे. कंपनीच्या भरपाई निधीनेच पुढे १२४ मृत्यू मान्य केले. तो खटका सुधारायला ५७ सेंट लागले असते, असे संसदेतल्या चौकशीत सांगण्यात आले. कंपनीच्या नव्या प्रमुख बाई मेरी बारा यांना त्या चौकशीत प्रश्न विचारले गेले, आणि त्याच आठवड्यात 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात केट मॅकिनन या नटीने त्यांचे सोंग काढले. प्रश्न कोणताही असो. बाई उत्तर म्हणून देतच नाहीत! चौकशीचे शेकडो पानांचे इतिवृत्त किती लोकांनी वाचले असेल? सोंग मात्र घरोघर पोचले.

इथवर मी विनोदाचा वकील होतो आणि खटला जिंकत आलो होतो. पण सौ. चा प्रश्न अजून दारात उभा होता. त्या गाडीत कोणी बसलेले होते का?

होते. १९७२ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या एका हमरस्त्यावर सहा महिन्यांची नवी पिंटो मध्येच बंद पडली आणि मागून दुसरी गाडी येऊन आदळली. ती मागची गाडीही फोर्डचीच होती. बंद पडलेल्या गाडीत एक बाई होत्या; त्या पुढे मरण पावल्या. त्यांच्या शेजारी तेरा वर्षांचा एक मुलगा होता. तो जगला. चेहरा आणि अंग असे भाजले, की पुढची कित्येक वर्षे त्याच्यावर शस्त्रक्रिया होत राहिल्या. मघाचा तो १२ कोटी ५० लाखांचा दंड त्याच्याच खटल्यातला. त्याचे नाव निकालपत्राच्या माथ्यावर छापलेले आहे. मी ते इथे लिहीत नाही. एवढे सोसल्यावर कोणाच्या तरी दिवाळीच्या फराळाबरोबर आपले नाव यावे, असे त्याला वाटेल असे मला वाटत नाही.

आमचे जुने साहित्यशास्त्रकार सांगून गेले आहेत, की हास्य आणि करुण हे एकमेकांचे विरोधी रस. एका ठिकाणी दोघांना बसवू नये. मी हे दर वर्षी पाठ म्हणून शिकवतो. आता त्यातली मेख कळली. हसायचे असेल तर गाडीतल्या मुलाकडे पाहता येत नाही, आणि मुलाकडे पाहिले तर हसता येत नाही. पडद्यावरची गाडी रिकामी असणार असे मी चटकन म्हणालो, ते मला ठाऊक होते म्हणून नव्हे. मला हसायचे होते म्हणून.

मी हे सगळे रसभरीत सांगत होतो. शनिवारची रात्र होती. सौ. ताक वाढत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, आपल्या गाडीच्या माहेरपणाचं काय झालं?"

माझ्या घशात घास अडकला.

वाचकांना आता एक घरगुती गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्याकडे एक छोटी गाडी आहे. कोणत्या कंपनीची ते सोडा. मार्च महिन्यात कंपनीचे पत्र आले होते. आपल्या वाहनातील इंधनाच्या नळीचा एक जोड सदोष असण्याची शक्यता आहे, तरी जवळच्या केंद्रात वाहन आणावे, जोड विनामूल्य बदलून दिला जाईल, अशा आशयाचे. आपल्याकडे २०१२ पासून मोटार कंपन्यांनी स्वतःहून अशा गाड्या परत बोलावण्याची पद्धत सुरू केली, आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारलाही तसा हुकूम काढता येऊ लागला. हे मला तेव्हा माहीत नव्हते. मी पत्र मोठ्याने वाचले आणि म्हणालो, "चला! लेकीला पहिल्या मंगळागौरीला बोलावणं आलं. पण साडीचोळीचं काही लिहिलेलं दिसत नाही!"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये मी तोच विनोद केला; तिथेही पिकला. इतिहासाच्या प्राध्यापकांना तो पुन्हा सांगावा लागला, कारण ते उशिरा आले होते. विनोदाचे इतके कौतुक झाले की पत्राचे काम संपले असेच मला वाटले. ते मी खूण म्हणून मोल्सवर्थच्या कोशात घातले, आणि कोश मिटला.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कोश उघडला. पत्र जागच्या जागी होते. तारीख पाच महिन्यांपूर्वीची. मी खुर्चीत बसून त्या पाच महिन्यांचा हिशेब करू लागलो. मे महिन्यात आम्ही कोकणात गेलो होतो. माझी आई मागच्या सीटवर होती. परतताना तिच्या पायाशी फणस होता आणि कोणी फणसाला धक्का लावू नये म्हणून ती घाटभर जागी होती. कन्या आठवड्यातून तीन दिवस क्लासला याच गाडीने जाते. तीही मागेच बसते, कारण पुढच्या सीटवर माझ्या पेपरांचे गठ्ठे असतात. आणि दुसऱ्या रकान्यात काय होते? अर्ध्या दिवसाची रजा. रिक्षाचे येण्याजाण्याचे पैसे. आणि सेवाकेंद्रात बाकावर बसून राहण्याचा कंटाळा.

म्हणजे माझाही अकरा डॉलरांचा कागद होता! फोर्ड कंपनीने निदान तो लिहून काढला होता. मी तो हसण्यावारी नेला.

विनोदाचे हे दुसरे तोंड मला तोवर दिसले नव्हते. लोकांनी कंपनीला हसावे, म्हणजे कंपनीला विसरता येत नाही. पण आपण आपल्याच घरातल्या गोष्टीला हसलो, की आपल्याला विसरायला मोकळीक मिळते. तोच विनोद, एकदा तो वेशीवर जागा राहतो आणि एकदा घरात अंगाई गातो. कोणत्या वेळी तो काय करतो आहे, हे ओळखण्याचे शास्त्र भरतापासून कोल्हटकरांपर्यंत कोणी लिहिले असल्यास मला ठाऊक नाही. आमच्या घरात ते सौ. ना येते.

सोमवारी मी रजा टाकली आणि गाडी घेऊन गेलो. तिथल्या मेकॅनिकने पत्र घेतले. पंचविशीचा, नीटस मुलगा होता. त्याने कागद उलटसुलट पाहिला. त्यावर मोल्सवर्थच्या पानांचा जुनाट वास चढला होता.

"सर, पत्र कधी आलं होतं?"

"हे काय, आत्ताच," मी म्हणालो.

त्याची नजर तारखेवर होती. तो काही बोलला नाही. आजवर परीक्षेच्या काळात शंभरदा आजी वारलेल्या विद्यार्थ्यांकडे मी ज्या नजरेने पाहत आलो, ती नजर त्या दिवशी माझ्याकडे वळली. पाऊण तासाने त्याने मला आत बोलावून काढलेला जोड दाखवला. अंगठ्याएवढा काळा तुकडा. एवढ्याशा वस्तूकडे पाहून भीती वाटावी असे तिच्यात काही नव्हते.

"खराब झाला होता का हो?" मी विचारले.

"नुसतं बघून कसं सांगणार, सर?" तो म्हणाला. "बरेच चांगलेच असतात. एखादाच वाईट निघतो. पण तो एखादा कुणाच्या गाडीत आहे, हे आधी कळत असतं तर सगळ्यांना कशाला बोलावलं असतं?"

विमा, न्यायालय, ज्यूरी आणि सव्वा कोटी वाहनांचा तो हिशेब, सगळे त्या पोराने एका वाक्यात आटोपले. मी त्याला बक्षिसी देऊ केली. त्याने घेतली नाही. "फ्री आहे सर," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

घरी आलो तेव्हा सौ. दारातच होत्या.

"झालं माहेरपण?"

"झालं."

"साडीचोळी?"

"अंगठ्याएवढा तुकडा बदलून मिळाला."

त्या हसल्या. मग मात्र डोळ्यांना पदर लावून आत गेल्या, आणि बराच वेळ स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज आला नाही. मे महिन्यातला घाट त्याही मोजत होत्या, हे मला तेव्हा कळले. पाच महिने एकट्याच.

आता हा लेख लिहीत असताना दिवाळी तोंडावर आली आहे. खालच्या चौकात पोरे आत्तापासूनच चुकार फटाके उडवू लागली आहेत. मघाशी मी खिडकीतून पाहत होतो. एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा बॉम्ब मांडून उदबत्ती घेऊन निघाला होता. वात पेटवण्यापूर्वी तो थांबला, मागे वळला आणि आपल्या धाकट्या बहिणीला हाताला धरून पार जिन्यापर्यंत नेऊन उभे करून आला. मग धावत जाऊन वात पेटवली. धुडूम् झाले. दोघेही पोट धरधरून हसत सुटली.

त्या पोराला विनोदाचे शास्त्र कोणी शिकवले, कोण जाणे. मी तर अजून शिकतो आहे. चिरंजीवांनी परवा पुन्हा तो चित्रपट लावला, आणि तो प्रसंग आला तेव्हा मी पुन्हा हसलो. नाही कशाला म्हणू? विनोद चांगलाच आहे. फक्त हसण्यापूर्वी माझी नजर आपोआप त्या मोटारीच्या काचेकडे गेली.

आपणा सर्वांना दीपावली सुखाची जावो. आणि आपल्या घरी एखाद्या कोशात, कपाटात किंवा फ्रिजवर असे एखादे पत्र पडले असेल, तर त्यावरचा विनोद अवश्य करा. पण परत येताना.